सोडलेला श्वास पुन्हा घेणारं यंत्र : रिब्रीदर चालतो कसा, सांभाळतात कसा आणि आपल्या विहिरीशी त्याचा संबंध काय?

लोअर परळ, मुंबई : लोअर परळच्या कमला मिल कंपाउंडमध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. आग गच्चीवरच्या पबमध्ये लागली होती. मृतांपैकी बहुतेक जण धुरात गुदमरून गेले. अनेक जण जीव वाचवण्यासाठी स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच कोंडले. गावाकडे अशा मोठ्या इमारती नाहीत, पण गुदमरून जाणारे जीव आहेत. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला किंवा पंप दुरुस्त करायला उतरलेला माणूस वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही खालीच पडतो. अशा बातम्या तालुक्या-तालुक्यांतून येतच असतात.

जिथे श्वास घेण्याजोगी हवा नाही तिथे माणसाला जायचं असेल, तर हवा सोबत न्यावी लागते. धुरात जाणारा अग्निशमन जवान ती पाठीवरच्या सिलिंडरमध्ये नेतो, पाणबुड्याही नेतो. त्यातलाच एक वेगळा प्रकार म्हणजे क्लोज्ड सर्किट रिब्रीदर. यात सोडलेला श्वास बाहेर जात नाही, तो साफ होऊन पुन्हा छातीत येतो. हे यंत्र तालुक्यातल्या कुणी विकत घ्यावं म्हणून ही माहिती नाही. त्याची किंमत काही लाखांत आहे आणि ते वापरायला वेगळं प्रशिक्षण लागतं. पण हे यंत्र वापरणारे लोक ज्या एका धोक्याला सगळ्यात जास्त घाबरतात, तोच धोका आपल्या विहिरीत असतो. म्हणून ते समजून घेण्यासारखं आहे.

वाया जाणारा ऑक्सिजन

आपण जी हवा आत घेतो तिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. सोडलेल्या श्वासात तो १६-१७ टक्के उरतो आणि सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. म्हणजे घेतलेल्या ऑक्सिजनपैकी जेमतेम पाव हिस्सा शरीर वापरतं, बाकीचा तसाच बाहेर जातो.

मालवण-तारकर्लीला स्कूबा केलेल्यांनी तोंडातून निघणारे बुडबुडे पाहिले असतील. ते बुडबुडे म्हणजे हाच वाया गेलेला ऑक्सिजन. या पद्धतीला ओपन सर्किट म्हणतात. अग्निशमन दलाचा नेहमीचा श्वसन संचही असाच असतो. सिलिंडरमधून दाबाखालची हवा येते, श्वास बाहेर सोडला जातो. असा संच नावाला पाऊण तास पुरतो. जिने चढताना, माणूस उचलून आणताना दम लागतो आणि वेळ त्याहून कमी होतो.

पाण्याखाली हिशेब आणखी कडक होतो. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर १० मीटर खोलीवर ४० आणि ३० मीटरवर ८० लिटर लागते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने २,४०० लिटर हवा मावते. ३० मीटरवर ती अर्ध्या तासात संपेल, आणि वर येण्यासाठी राखून ठेवायची हवा धरली तर त्याआधीच वर निघावं लागेल.

आता दुसरी बाजू बघा. शरीराला प्रत्यक्षात लागणारा ऑक्सिजन बेताचं काम करताना मिनिटाला साधारण १ लिटर असतो, आणि तो खोलीबरोबर वाढत नाही. त्यामुळे ३ लिटरच्या छोट्या टाकीतला ६०० लिटर ऑक्सिजन कागदावर १० तास पुरतो. अट एकच : सोडलेला श्वास फेकायचा नाही आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा.

आत काय असतं?

रिब्रीदर म्हणजे हवेचा एक बंद फेरा. तोंडात माउथपीस असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना घड्यांच्या रबरी नळ्या असतात. एका नळीतून श्वास जातो, दुसरीतून येतो. माउथपीसमध्ये दोन पातळ रबरी झडपा असतात. हातपंपातल्या झडपेसारखं त्यांचं काम, हवा एकाच दिशेने फिरली पाहिजे. पुढे छातीवर किंवा पाठीवर दोन पिशव्या असतात. आपण श्वास सोडला की त्या फुगतात, घेतला की बसतात.

मधोमध असतो डबा, ज्याला स्क्रबर म्हणतात. त्यात सोडा लाइमचे दाणे भरलेले असतात, राजगिऱ्यापासून बाजरीपर्यंतच्या आकाराचे. एका वेळी साधारण दोन-तीन किलो लागतात. सोडा लाइम म्हणजे मुख्यतः विरलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालून ती दुधाळ झालेली सगळ्यांनी पाहिली आहे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने धरला, म्हणून ती दुधाळ झाली. घराला दिलेला चुना भिंतीवर हळूहळू घट्ट होतो, तोही हवेतला हाच वायू घेऊन. स्क्रबरमध्ये तेच घडतं, फक्त फार वेगाने. त्या क्रियेत उष्णता आणि पाण्याची वाफ तयार होते, म्हणून या यंत्रातली हवा कोमट आणि ओलसर लागते.

बरोबर दोन छोटे सिलिंडर असतात. एकात शुद्ध ऑक्सिजन, दुसऱ्यात साधी हवा किंवा हेलियम मिसळलेलं मिश्रण. शरीराने वापरलेला ऑक्सिजन पहिला भरून काढतो. खोल जाताना दाबाने पिशव्या आक्रसतात, ती तूट दुसरा भरतो. फेऱ्यातला ऑक्सिजन मोजायला बहुतेक यंत्रांत तीन सेन्सर असतात. हे सेन्सर म्हणजे ऑक्सिजन लागला की बारीकशी वीज तयार करणारे सेल. मनगटावरच्या पडद्यावर तिन्हींचे आकडे सतत दिसतात आणि गरज पडेल तशी विजेवर चालणारी झडप उघडून ऑक्सिजन सोडला जातो.

ऑपरेशन थिएटर, कोळसा खाण आणि एव्हरेस्ट

हे काही फक्त समुद्रातलं तंत्र नाही. लोअर परळपासून जवळच परळला केईएम आणि टाटा ही रुग्णालयं आहेत. गावाकडून उपचारासाठी तिथे गेलेली माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतील. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्याचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. दोन नळ्या, एकाच दिशेच्या झडपा आणि मध्ये सोडा लाइमचा डबा. त्या चुन्यात रंग मिसळलेला असतो. चुना संपत आला की पांढरे दाणे जांभळे दिसू लागतात आणि तो बदलला जातो.

कोळसा खाणीत आग लागली किंवा वायू भरला, तर बचाव पथक क्लोज्ड सर्किट संच लावूनच आत जातं. भुयारात किलोमीटरभर चालत जाऊन माणूस घेऊन परत यायचं असतं, पाऊण तासाच्या सिलिंडरवर ते होत नाही. म्हणून तिथे चार तास पुरेल असा संच वापरतात. देशात यासाठी १९८५ चे माइन्स रेस्क्यू रूल्स आहेत. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या कोळशाच्या जिल्ह्यांतल्या खाण कामगारांना हे नवीन नाही.

या यंत्राची सुरुवातही पाणी आणि भुयार या दोन्हींत झाली. हेन्री फ्लूस या इंग्रजाने १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर सेव्हर्न नदीखालून जाणाऱ्या रेल्वे बोगद्यात पाणी शिरलं. आत लोखंडी दरवाजा बंद करायचा होता. पाणबुड्या अलेक्झांडर लँबर्ट नेहमीचा पोशाख घालून गेला, पण वरून हवा देणारी लांबलचक नळी ओढत पुढे जाणं त्याला जमेना. १८८० मध्ये तो फ्लूसचं यंत्र घेऊन अंधारात, पाण्यातून सुमारे ३०० मीटर आत गेला. पहिल्या फेरीत काम पूर्ण झालं नाही. पुन्हा जाऊन त्याने दरवाजा लावला.

एव्हरेस्टची गोष्ट मात्र उलटी आहे. तेनसिंग आणि हिलरी २९ मे १९५३ रोजी शिखरावर पोहोचले, ते ओपन सर्किट संच घेऊन. त्यांच्या तीन दिवस आधी, २६ मे रोजी, टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स क्लोज्ड सर्किट संच घेऊन निघाले होते. ते दक्षिण शिखरापर्यंत पोहोचले, मुख्य शिखर तिथून जेमतेम शंभरेक मीटर उंच होतं. वाटेत सोडा लाइमचा डबा बदलल्यावर इव्हान्सचा संच त्रास देऊ लागला होता, श्वास घेणं जड झालं होतं. वेळ आणि ऑक्सिजन दोन्ही अपुरे होते. दोघे मागे फिरले. जास्त वेळ पुरणारं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण त्यात बिघडण्यासारख्या जागाही जास्त होत्या. रिब्रीदरचा हा स्वभाव आजही तसाच आहे.

न कळणारा धोका

या यंत्रात तीन धोके मुख्य आहेत.

पहिला, कार्बन डायऑक्साइड साचणं. चुना जुना झाला, नीट भरला नाही किंवा झडप वाकडी बसली, तर सोडलेलाच वायू परत छातीत येतो. डोकं दुखतं, धाप लागते, जीव घाबरा होतो. हा धोका निदान आरडाओरडा करत येतो.

दुसरा, ऑक्सिजन जास्त होणं. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषासारखा वागतो. सुमारे ६ मीटरच्या खाली तो श्वासात घेतला तर झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे माउथपीस सुटून बुडणं. पुढे भारताचं नागरिकत्व घेऊन १९६४ मध्ये भुवनेश्वरला निधन पावलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश नौदलासाठी असे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले होते.

तिसरा धोका सगळ्यात वाईट : ऑक्सिजन कमी होणं. नाक-तोंड दाबून धरलं की जो जीव घाबरतो, तो ऑक्सिजन संपल्यामुळे नसतो. तो रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे असतो. शरीराची धोक्याची घंटा मुख्यतः त्या वायूवर वाजते. रिब्रीदरमध्ये चुना तो वायू खाऊन टाकतो. ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायचा राहिला तर पिशव्या नेहमीसारख्या फुगतात, बसतात, श्वास सहज चालतो, धाप लागत नाही, आणि माणूस अचानक बेशुद्ध होतो. काहींना तर त्या आधी छान वाटतं. आपलं काही चुकतंय हे कळायला जो मेंदू लागतो, तोच आधी मंद होतो.

वर येताना हा धोका वाढतो. १० मीटरवर दाब दुप्पट असल्यामुळे १५ टक्के ऑक्सिजनची हवासुद्धा चालून जाते. तीच हवा घेऊन पृष्ठभागाजवळ आलं की ऑक्सिजन कमी पडू लागतो. म्हणून रिब्रीदरवाल्यांचा पहिला नियम असा की "बरं वाटतंय" यावर विश्वास ठेवायचा नाही, आकड्यावर ठेवायचा.

पाण्यात उतरण्याआधी

रिब्रीदर घेऊन तासभर पाण्यात राहायचं, तर तयारीलाही जवळपास तेवढाच वेळ जातो. विमानाच्या वैमानिकासारखी छापील यादी हातात धरून, एकेक ओळ वाचून खूण केली जाते. पाठ आहे म्हणून यादी न वाचणं, ही अनुभवी माणसाची चूक मानली जाते.

आधी दोन्ही सिलिंडरमधला वायू मोजायचा. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते पुरेसं नाही. मग चुना भरायचा. धान्याचं माप भरताना हलवून, ठोकून दाणे बसवतात, तसा तो डब्यात बसवावा लागतो. एका बाजूला पोकळी राहिली तर हवा तिथूनच निघून जाते, बांध फुटला की पाणी जसं त्याच वाटेने पळतं तसं. भरलेली तारीख आणि वेळ डब्यावर लिहायची.

नंतर जोडणी. प्रत्येक जोडावर ओ-रिंग असते. केस, वाळूचा कण किंवा बारीक चीर असेल तर पाणी आत येतं. झडपा एकेक करून तोंडाने तपासतात : एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने अडली पाहिजे.

मग गळतीची परीक्षा. फेऱ्यात हवा भरून काही मिनिटं ठेवायची, पिशव्या सैल पडतात का बघायचं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधतो, त्यातलाच हा प्रकार. त्यानंतर हवा ओढून काढून उलटी परीक्षा घ्यायची, पिशव्या आक्रसलेल्याच राहिल्या पाहिजेत. दोन्ही परीक्षा लागतात, कारण काही गळती एकाच दिशेने दिसते.

पुढे सेन्सर शुद्ध ऑक्सिजनवर जुळवून घ्यायचे. तीनपैकी दोन जुळले आणि एक वेगळा दाखवत असेल तर यंत्र बहुधा दोघांचं ऐकतं. पण तिन्ही सेन्सर एकाच वेळी बसवलेले आणि सारखेच म्हातारे झालेले असतील, तर दोघं मिळूनही खोटं सांगू शकतात. म्हणून त्यांच्या तारखा लिहून ठेवतात आणि चालू असले तरी साधारण वर्षभराने बदलतात.

शेवटी किनाऱ्यावर किंवा बोटीत बसून, नाक बंद ठेवून, पाच मिनिटं यंत्रावरच श्वास घ्यायचा आणि आकडे बघत राहायचं. ऑक्सिजन बंद राहिला असेल तर पडद्यावर आकडा घसरताना दिसतो. पण चुना भरायचाच राहिला असेल, तर या पाच मिनिटांत ते प्रत्येकाला जाणवेलच असं नाही. म्हणून ही परीक्षा यादीची जागा घेऊ शकत नाही.

पाण्याखाली गेल्यावर दर काही मिनिटांनी पडदा बघणं हेच मुख्य काम. याशिवाय प्रत्येकाजवळ साध्या ओपन सर्किटचा वेगळा सिलिंडर असतो. शंका आली की फेरा सोडून त्यावर यायचं आणि वर निघायचं. दुरुस्ती पाण्याखाली करत बसायची नाही. माउथपीस तोंडातून काढण्याआधी त्याची चावी बंद करायची, नाहीतर पाणी आत शिरतं. ते चुन्यापर्यंत गेलं तर तोंड-घसा भाजणारं क्षारयुक्त पाणी श्वासात येतं.

वर आल्यावर

कंटाळा येतो तो इथे. तरी नळ्या आणि पिशव्यांमधलं पाणी काढणं, गोड्या पाण्याने धुणं, जंतुनाशकात बुडवणं, पुन्हा धुणं आणि सावलीत टांगून वाळवणं चुकवता येत नाही. कोमट, ओल्या, बंद पिशवीत बुरशी वाढायला फार दिवस लागत नाहीत, आणि ती थेट फुप्फुसात जाते. वापरलेला चुना टाकून द्यायचा. डायव्हिंगच्या चुन्यात रंगाचा भरवसा धरत नाहीत, वापरलेल्या वेळेचा हिशेब धरतात. बहुतेक यंत्रांत एका भरणीला दोन-तीन तास मानतात, थंड पाण्यात त्याहूनही कमी.

एक गोष्ट गावातल्या वेल्डिंगवाल्यालाही माहीत असते : ऑक्सिजनच्या जोडाला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये साधं ग्रीस पेट घेऊ शकतं. त्यासाठी वेगळं, ऑक्सिजनला चालणारं वंगण मिळतं.

मग विहिरीचं काय?

रिब्रीदर वापरणाऱ्याजवळ तीन सेन्सर असतात, यादी असते, राखीव सिलिंडर असतो. तरीही तो स्वतःच्या "बरं वाटतंय" वर भरवसा ठेवत नाही. विहिरीत उतरणाऱ्याजवळ यातलं काहीच नसतं. कुजलेला पालापाचोळा आणि गाळ ऑक्सिजन खातात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. विहिरीत उतरवलेलं डिझेल इंजिन कार्बन मोनॉक्साइड सोडतं, त्याला वास नाही, रंग नाही. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो वासही कळेनासा होतो.

अमेरिकेच्या नियॉश या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये सांगितलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. आपल्याकडे एका घरातले दोघं-तिघं एकाच विहिरीत का जातात, याचं उत्तर त्यात आहे. म्हणून हे लक्षात ठेवा :

• बरेच दिवस न वापरलेल्या, अरुंद किंवा झाकलेल्या विहिरीत थेट उतरू नका. आधी ब्लोअरने किंवा मोठ्या पंख्याने तळापर्यंत हवा पोहोचवा आणि माणूस आत असेपर्यंत ती चालू ठेवा.

• कंदील सोडून बघण्याची जुनी पद्धत अर्धीच खरी. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे नक्की. पण तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असं नाही. कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड त्याने कळत नाही, आणि ज्वालाग्राही वायू असेल तर स्फोट होऊ शकतो. मैल्याच्या टाकीजवळ ज्योत नेऊच नका.

• इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका. ते वर ठेवा किंवा विजेचा पंप वापरा.

• तोंडाला बांधलेला ओला रुमाल किंवा साधा मास्क ऑक्सिजन देत नाही.

• उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर बांधलेला हवा, दोराचं दुसरं टोक वर किमान दोघांच्या हातात हवं. त्याने उत्तर देणं थांबवलं की कारण न शोधता वर ओढायचं.

• खाली कुणी पडला तर मागोमाग उतरू नका. हवा सोडा, लोक जमवा, ११२ किंवा १०१ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. श्वसन संच लावलेला जवानच खाली जाऊ द्या.

शेवटचा नियम पाळणं सगळ्यात कठीण. खाली आपलाच माणूस असतो आणि वर उभं राहवत नाही. पण वरचा माणूस शुद्धीवर राहिला, तरच खालच्याला कुणीतरी बाहेर काढू शकतं.